आधी छप्पर, मग भिंत: पूर-वादळानंतर गोव्यात निवारा कसा उभारावा

जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीला पूर आला. सत्तरी तालुक्यात त्या वेळी मी जी मातीची घरे पाहिली, त्यांतली बरीच पाणी चढत असताना उभी होती. बसली ती पाणी ओसरल्यावर. मातीची भिंत तळाशी तासन् तास भिजली की तिचा चिखल होतो. बाहेरच्या पाण्याचा दाब जातो आणि वर वासे-कौलांचे ओझे तसेच राहते. भिंत मग आवाज न करता खाली येते. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. राज्यात हजाराच्या आसपास घरांचे नुकसान झाले.

एका घरासमोरचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. चारही भिंती विरघळल्या होत्या आणि छप्पर जवळजवळ अखंड जमिनीवर टेकले होते. आढे शाबूत, फणसाचे वासे शाबूत, निम्म्याहून जास्त कौले जागच्या जागी. घरातली आजी त्या छपराच्या कडेला बसून हाताने कौले उतरवत होती आणि नातवाकडे देत होती. एकेक कौल पुसून तो माडाच्या बुंध्याशी रचत होता. चार दिवसांनी त्या कुटुंबाला पत्र्याची एक खोली मिळाली. तिच्यात त्या कौलांना, त्या वाशांना कुठेच जागा नव्हती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत लाकूड वाळवीने खाल्ले.

माझे म्हणणे त्या अंगणात पक्के झाले. तात्पुरता निवारा आणि कायमचे घर अशी दोन वेगळी कामे काढू नयेत. पहिल्या पंधरवड्यात जे खांब उभे कराल, तेच पुढे घराचे खांब झाले पाहिजेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत डांबरी पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. उन्हात त्या इतक्या तापायच्या की दिवसा आत बसवत नसे. त्यांतून पुढे घर घडणे शक्यच नव्हते. उलट २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये घरमालकांच्या हाती हप्त्यांनी पैसे देऊन त्यांच्याकडूनच घरे बांधून घेतली गेली. ती वाट आपल्याला जवळची आहे, कारण गोव्याच्या खेड्यात आधी छप्पर उभारण्याची रीत आजही जिवंत आहे. लग्नाला माटव घालतो तेव्हा आपण हेच करतो. खांब, आडवे बांबू, वर आच्छादन, आणि बाजू गरजेप्रमाणे बंद करायच्या.

पुढचे सगळे पंच, बचतगटातल्या बायका, गावातले सुतार-गवंडी आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले इंजिनिअर यांच्यासाठी लिहितो आहे.

मे महिन्यातच करायचे काम

पाऊस लागल्यावर यादी करायला बसू नका. मृगाच्या आधी पंचायतीत एक संध्याकाळ काढा. गावात उंचावरच्या जागा कोणत्या, शाळा आणि देवळाची अग्रशाळा यांत किती माणसे झोपू शकतील, सुतार आणि गवंडी किती, वेल्डिंगचे यंत्र कोणाकडे आहे, हे लिहून काढा. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले कोणी असतील तर त्यांची नावे वर ठेवा.

मंडपवाल्याला विसरू नका. प्रत्येक तालुक्यात त्याच्याकडे पाइप, पत्रे, दोऱ्या, ताडपत्र्या आणि चार तासांत शंभर माणसांसाठी छप्पर उभे करणारे कामगार असतात. पावसाळ्यात त्याचे सामान पडूनच असते. त्याच्याशी दर आधी ठरवून कागदावर सही घ्या. यावर खर्च काहीच नाही, आणि पहिल्या रात्रीचा प्रश्न यातून सुटतो.

पहिले तीन दिवस: खूण, फोटो, मलबा

पाणी कुठवर आले त्याची खूण त्याच दिवशी करा. आंब्याच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर, उरलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर तेलरंगाने रेघ ओढा आणि तारीख लिहा. वर्षभरात माणसांच्या आठवणीतली रेघ हातभर खाली येते. घराच्या जोत्याची उंची याच रेघेवरून ठरणार आहे.

मग फोटो काढा. पडलेले घर चारही बाजूंनी, जोत्यासह आणि घर क्रमांकाच्या पाटीसह. तलाठी येऊन पंचनामा करीपर्यंत काही हलवू नका. हलवावेच लागले तर आधी फोटो.

तिसरे काम मलब्याचे, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होते. मदतीच्या घाईत जेसीबी येतो आणि एका दुपारी सगळे उचलून ट्रकमध्ये भरतो. असा ट्रक मी भरताना पाहिला आहे. मट्टीच्या झाडाचे दोन सरळसोट खांब त्यात गेले आणि महिन्याभराने त्याच कुटुंबासाठी आम्ही बाजारातून लाकूड विकत आणले. तेव्हा आधी माणसे लावा, यंत्र नंतर. चार ढीग करा. वासे-खांब जमिनीपासून वर, चिऱ्यांवर ठेवून. कौले उभी रचून. चिरे वेगळे. आणि भिंतीची माती. ही माती कचरा समजून फेकली जाते, पण ती पिढ्यान् पिढ्या मळलेली, खडे काढलेली माती असते. ताडपत्रीखाली झाकून ठेवलीत तर नव्या भिंतीला तिच्याइतके चांगले काही मिळणार नाही.

जागा

गोव्यात जागेचा प्रश्न पाण्याइतकाच कागदाचा आहे. खेड्यातली कित्येक घरे मुंडकारांची आहेत. जमीन भाटकाराची, घर आपले. १९७५ च्या मुंडकार कायद्याने अशा कुटुंबाला घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले आहे. पण घर पडले, जोते साफ केले आणि कुटुंब दूर वसाहतीत राहायला गेले, की उद्या त्या जागी घर होते हे सिद्ध करायला पुरावा उरत नाही. म्हणून निवारा शक्यतो त्याच जोत्यावर किंवा त्याच अंगणात उभारा. जुने जोते मोडू नका. एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल हे सगळे भिजले असेल तर सुकवून त्याच आठवड्यात प्रती काढा. मामलेदाराच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. घराची रचना कितीही चांगली असो, हे राहिले तर पुढचे सगळे वाळूवर.

त्याच जागी बांधणे धोक्याचे असेल तेव्हाच हला. धोका कसा ओळखायचा? डोंगर कापून केलेल्या सपाटीवर घर असेल, तर मागचा कडा जेवढा उंच तेवढे तरी अंतर कड्यापासून ठेवा. कड्यावर नव्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे, पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, यांपैकी काहीही दिसले तर तिथे एक रात्रही झोपू नये. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात काही तासांच्या पावसाने डोंगर उतरले, तेव्हा पावसाळा संपत आला होता. माती आधीच पाणी पिऊन बसलेली असते, हे ध्यानात असू द्या.

खाजन जमीन सपाट आणि मोकळी दिसते म्हणून तिथे तंबू ठोकण्याचा मोह होतो. ती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) शाबूत आहेत तोवरच कोरडी राहते. वसाहतीसाठी ती घेऊ नका. शापोऱ्याच्या काठी, साळसारख्या गावांत, तिळारी धरणातून पाणी सोडले की आपल्याकडे थेंब न पडताही नदी चढते. तिथे पुराची रेघ पावसावरून ठरवता येत नाही.

आणि नवी जागा घाईने सपाट करू नका. पुणे जिल्ह्यातले माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गेले. नवे गाव वसवले, आणि २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथे जमीन खचली, भिंती-रस्त्यांना तडे गेले. भराव घातलेली माती किमान एक पावसाळा बसू द्यावी लागते.

सांगाडा

पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब धरू. मदतकार्यात जगभर मानला जाणारा किमान मापदंड माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा असा आहे, म्हणजे साडेसतरा. ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोली घ्या, १८ चौरस मीटर होतात. लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, असे सहा खांब. दोन खांबांमधले अंतर ३ मीटर. पाटाची, म्हणजे खांबांच्या माथ्यावर बसणाऱ्या आडव्या लाकडाची, उंची २.४ मीटर ठेवली आणि छपराला ३० अंशांचा उतार दिला, तर आढे साधारण ३.३ मीटरवर येते. उतार यापेक्षा कमी नको. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कौलांवर उतार कमी पडला की वाऱ्याबरोबर पाणी सांध्यांतून उलटे आत शिरते.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. कडेच्या पागोळ्यांसकट हे छप्पर सुमारे ३४ चौरस मीटरचे होते. पत्रे घातले तर त्याचे वजन दीडशे ते पावणेदोनशे किलो. मंगळुरी कौले घातली तर चौरस मीटरला १५ या हिशेबाने सुमारे ५०० कौले लागतात, आणि वजन बाराशे-तेराशे किलोवर जाते. भिजल्यावर आणखी जास्त. पहिल्या महिन्यात तुम्ही पत्रेच घालणार, कारण ते लवकर होतात. पण खांब, पाट आणि वासे कौलांचे वजन धरूनच निवडा. पत्र्यांच्या हिशेबाने उभारलेला सांगाडा पुढे कौले पेलणार नाही आणि तुम्हाला सगळे नव्याने करावे लागेल. यासाठी लागणारा जादा खर्च पहिल्या दिवशी जड वाटतो, देणगीदारही कुरकुर करतात. त्यांना हा हिशेब दाखवा.

पत्र्याच्या छपराला उलटाच धोका असतो. ते हलके, म्हणून वारा उचलतो. मे २०२१ च्या मध्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा हे आपण पाहिले. कडेच्या ओळीत एक सोडून एक नळीला बोल्ट हवा, खाली रुंद वायसर हवा. वासा पाटाला नुसत्या खिळ्याने जोडू नका, लोखंडी पट्टी वरून वळवून दोन्हीकडे ठोका. पाट खांबाला तसाच, खांब पायाला तसाच. वरून खाली ही साखळी कुठेही तुटली तर बाकीच्या बळकटीचा उपयोग नाही.

खांब जमिनीत पुरू नका. सत्तरीतली, पेडण्यातली वाळवी मट्टीलाही सोडत नाही. ६० सेंटिमीटरचा खड्डा घेऊन काँक्रीट भरा, त्यात लोखंडी पट्ट्या उभ्या ठेवा, आणि जमिनीच्या वर चिऱ्याएवढा उंचवटा करून त्यावर खांब उभा करून पट्ट्यांना बोल्टने आवळा. खांब वाचलेल्या लाकडाचा असो वा दोन इंची पाइपचा, पद्धत हीच. कोपऱ्याच्या खांबांना तिरके आधार द्या. नुसत्या उभ्या-आडव्या सांगाड्याला वाऱ्यात एका बाजूला कलायला वेळ लागत नाही.

पागोळ्यांबाबत मी पूर्वी चुकलो आहे. मातीची भिंत वाचवायची तर वळचण लांब हवी म्हणून एका घराला मी चार फूट लांब वळचण काढली. पुढच्याच वर्षी वाऱ्याने तिच्यात शिरून छपराचा एक कोपरा उचकटला. आता मी मुख्य छपराची वळचण ६० सेंटिमीटरवर थांबवतो, आणि नैर्ऋत्येकडून जिकडे पाऊस मारतो तिकडे पडवी काढतो. तिचे वासे मुख्य छपराच्या वाशांचीच लांबण नसतात, पाटाच्या खाली स्वतंत्र बसवतो. वादळात पडवी गेलीच तर एकटी जाईल. आणि पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळवायला, मुलांना खेळायला, आलेल्या माणसाला बसायला पडवीच कामाला येते. निवाऱ्याच्या आराखड्यात ती आधी काटतात. काटू देऊ नका.

बांबू वापरणार असाल तर आपल्याकडचा माणगा घ्या. जवळजवळ भरीव असतो, खिळा-बोल्ट धरतो. तीन वर्षांहून जुना, पावसाळा संपल्यावर तोडलेला हवा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात आठवडाभर बुडवून सावलीत सुकवा. न मुरवलेला बांबू मातीला टेकवलात तर दोन पावसाळे काढणे कठीण. पुराच्या आठवड्यात हे सगळे होणार नाही. म्हणून गावाने हिवाळ्यातच पन्नास-शंभर बांबू मुरवून ठेवावेत.

भिंत आणि जमीन

छप्पर झाले की कुटुंब आत येऊ शकते. पहिले काही दिवस बाजूंना ताडपत्री, माडाच्या विणलेल्या चुडती, जे असेल ते चालते. पश्चिमेची बाजू आधी बंद करा.

जोते पुराच्या रेघेच्या वर घ्या. निदान ६० सेंटिमीटर तरी उचला. रेघ छातीच्या वर जात असेल तर भराव घालत बसू नका, जागाच बदला किंवा खांबांवर माळा बांधा. भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग चिऱ्याचा, सिमेंटच्या किंवा चुन्याच्या सांध्यात. जुन्या घरांचे चिरे मातीत बसवलेले असत, पाण्याने सांधे धुऊन नेले की चिरा सुटतो. त्या तीन फुटांच्या वर कूड घाला. बांबूच्या कामट्यांचे विणकाम, दोन्हीकडून जपून ठेवलेल्या मातीचा शेणमिश्रित लेप. कूड हलका असतो. पडला तरी कोणी खाली दबत नाही, आणि दोन दिवसांत परत लिंपता येतो. पुढे पैसे आले की एकेक खण काढून तिथे चिरा किंवा थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा बसवता येतात. छप्पर खांबांवर असल्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही.

पत्र्याखाली उकाडा होतो आणि पावसाचा आवाज इतका की तान्हे मूल झोपत नाही. पत्र्यावर चुडती पसरून दोरीने जाळ्यासारख्या बांधल्या की दोन्ही त्रास बरेच कमी होतात. आढ्याखालच्या त्रिकोणात कामट्यांची जाळी ठेवा, गरम हवा तिथून जाते.

पाणी आणि संडास

एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर या एका छपरावरून सुमारे ३००० लिटर पाणी पडते. ते जोत्याच्या पायथ्याशी पडू दिले तर तुम्ही स्वतःच भिंतीला पूर आणता. पागोळीखाली चर खणा, त्यात चिऱ्याचे तुकडे भरा, उताराकडे वाट काढा. एका बाजूला पन्हळ लावून पिंपात पाणी घेतले तर धुण्या-भांड्याचे भागते. पिण्यासाठी नाही. किमान गरज माणशी दिवसाला १५ लिटरची धरतात.

पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, तपासून घेतल्याशिवाय वापरू नका. शोषखड्डा विहिरीपासून ३० मीटर दूर हवा असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या जांभ्या दगडात भेगा-पोकळ्या असतात, पाणी त्यातून झपाट्याने वाहते. म्हणून शक्य तेवढे अंतर वाढवा आणि संडास नेहमी विहिरीच्या उताराकडे ठेवा.

सामाईक संडास असतील तर वीस माणसांमागे एक, घरापासून ५० मीटरच्या आत, आतून कडी आणि वाटेवर दिवा. ते कुठे बांधायचे हे गावातल्या बायकांना विचारून ठरवा, पंचांच्या बैठकीत नाही. न्हाणीला आडोसा पहिल्या दिवसापासून हवा. बाई रात्रीपर्यंत थांबून आंघोळ करते असे दिसले, तर त्या वसाहतीचा आराखडा चुकला आहे.

वाडा आणि चवथ

घरे बरॅकसारखी रांगेत लावू नका. जे शेजारी होते त्यांना शेजारीच ठेवा. पाच-सहा घरे एका अंगणाभोवती, दोन घरांत निदान उंचीच्या दुप्पट अंतर, म्हणजे आग लागली तरी पसरणार नाही. गुरांचा गोठा आधी ठरवा. गाय खाली राहिली तर घरचा म्हातारा वर येत नाही, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहे. चालता न येणाऱ्यांच्या घराला पायरीऐवजी उतार द्या, एक फूट चढायला बारा फूट लांबी.

जुलैत पूर आला तर महिन्या-दीड महिन्यात चवथ येते. घर पडलेले असले तरी गणपती आणायचा असतो, आणि गणपतीवर माटोळी बांधायची असते. नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंगण, केळीचा लोंगर, जंगलातली फळे हे सगळे छताला लटकते, वजन थोडे नसते. म्हणून मधल्या दोन खांबांवर पाटाच्या उंचीवर एक जाड आडवे लाकूड ठेवा. सांगाड्याला त्याचा तसाही आधार होतो. पहिल्या वर्षी एका घरात आम्ही हे विसरलो होतो. घरधन्याने मला विचारले, ‘बाकी सगळे बरे झाले, पण माटोळी कुठे बांधू?’ त्या संध्याकाळी जुन्या घराचे वाचलेले आढे कापून तिथे बसवले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशात ते लाकूड आधी काढलेले असते.

पत्र्यांवरून कौलांकडे

पहिला पावसाळा पत्र्याखाली काढा. दिवाळीनंतर सांगाडा तपासा. खांबाचा तळ ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवी आहे. बोल्ट परत आवळा. कौलांसाठी वासे साधारण दीड-दोन फुटांवर हवेत, कमी असतील तर मधे घाला. रिपांचे अंतर हातातले कौल ठेवून मोजा, वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांत थोडा फरक असतो. जुनी रचून ठेवलेली कौले आधी लावा, नवी त्यांना जोडून. दोन्ही उतारांवर एकाच वेळी, खालून वर चढत जा. एकच बाजू पूर्ण भरलीत तर सांगाडा तिकडे ओढला जातो.

उतरवलेले पत्रे विकू नका. गोठ्याला, न्हाणीला, पडवीला लागतात, आणि उरतील ते पंचायतीच्या खोलीत बोल्ट-वायसरसकट मोजून ठेवा. मे महिन्यातल्या त्या यादीत त्यांची नोंद करा.